अळणी रविवार

डोंगरी
२८ मार्च २०२४

भाऊजी,

होळीच्या दिवशी ताईने पुरणपोळीच्या ताटाला हात लावायला सांगून आपल्या दोघांकडून शपथ घेतली. जग सूर्यामुळे तापतंय की माणसामुळे, हा विषय यापुढे तोंडातून काढायचा नाही, आणि जो काढील त्याने ताई सांगेल ते प्रायश्चित्त घ्यायचं. तुमच्या चिरंजीवांनी, कौस्तुभने, पुण्यात बसून त्याच संध्याकाळी आपल्याला कुटुंबाच्या ग्रुपमधूनही काढून टाकलं. मी घरी येऊन शपथेचा नीट अभ्यास केला. ताई ‘तोंडातून’ म्हणाली. लेखणीचं नाव तिने घेतलेलं नाही. आमची लेक सुरुची रोज डोंगरीहून तुमच्याकडे केबिन रोडला क्लासमध्ये शिकवायला येतेच. जाता-येता तुमच्या दारात पत्र देईल.

आता मुद्दा. तुम्ही जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलंत आणि रोज सकाळी गच्चीवर जाऊन सूर्याला अर्घ्यही दिलंत. दर रविवारी त्याच्यासाठी अळणी जेवता. मी देव मानत नाही, एसी विकतो. आणि आपल्या भांडणात काय होतंय बघा! नास्तिक म्हणतोय, सगळं वरच्याच्या हातात आहे. भाविक म्हणतोय, छे, ही आपलीच कर्मं.

पण मला सांगा, पृथ्वीवर हिमयुगं आली, गेली, तेव्हा भाईंदरमध्ये कोणाचं एसीचं दुकान होतं? सूर्यावर सध्या डागांची गर्दी झालीय असं पेपरात येतंय. भट्टी भडकली की भांडं तापणारच. त्यात भांड्याचा काय दोष?

जाता जाता : होळीला रविवार आहे हे ठाऊक असूनही मी तुमच्यापुढे मीठ धरलं, तो चावटपणा होता. ताई किंचाळली, “मीठ हातात देऊ नकोस रे, भांडण होतं!” मी म्हटलं, ताई, भांडण दुपारीच झालंय, मीठ उशिरा आलं.

महिपत


इंद्रलोक, भाईंदर पूर्व
२ एप्रिल

महिपतराव,

पत्र मिळालं. आशाने विचारलं, “कोणाचं?” मी म्हटलं, सरकारी वकिलाचं.

तुमच्या आरोपपत्रातली पहिली चूक. पूर्वी घरं वीज पडून जळत होती, म्हणून आज काडी लावणारा सुटत नाही. हिमयुगं आली-गेली ती हजारो वर्षांच्या सावकाशीने. पृथ्वी कशी कलते, कशी फिरते, याचा त्यात मोठा हात. आत्ता जे चाललंय ते एका माणसाच्या आयुष्यात दिसतंय.

दुसरी चूक. डाग वाढतात, दहा-अकरा वर्षांनी पुन्हा कमी होतात. सूर्याचं तेज त्या फेऱ्यात चिमूटभर वर-खाली होतं. चाळीसेक वर्षं उपग्रह ते मोजताहेत. ते चढत गेलेलं नाही. पृथ्वीचा ताप मात्र चढत गेलाय. शिवाय वरचं वातावरण गार होतंय आणि खालचं तापतंय. सूर्य गुन्हेगार असता तर दोन्ही तापले असते. माणूस गोधडीत शिरला की आत घामाघूम होतो, गोधडीच्या वरचा थर गारच राहतो. आपण कोळसा, तेल जाळून जो वायू वर सोडला, ती ही गोधडी.

आणि तिसरं. दिवसापेक्षा रात्री जास्त वेगाने तापताहेत. महिपतराव, रात्री माझा देव घरीच नसतो. गुन्हा घडला तेव्हा आरोपी क्षितिजाखाली होता. याहून भक्कम साक्ष कुठल्या कोर्टात मिळेल?

मी त्याचं वकीलपत्र भक्तीपोटी घेतलं असं तुम्हाला वाटतं. थोडंसं तसंही असेल. आपण केलेलं देवाच्या नावावर खपवू नये, एवढंच मला आईने शिकवलं होतं.

काशीनाथ


डोंगरी
६ एप्रिल

भाऊजी,

रात्रीचा मुद्दा लागला. दुकानात एका गिऱ्हाइकाला ‘सूरज का खेल है’ म्हणताना जीभ अडखळली. एसी मात्र विकला गेला.

पण आता माझं ऐका. माणूस दोषी, माणूस दोषी, हे ठीक. कुठला माणूस? नाव सांगा, पत्ता सांगा. आठशे कोटी लोकांवर आरोप ठेवणं म्हणजे कोणावरच न ठेवणं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ‘आपण सगळ्यांनीच पाणी जपून वापरलं पाहिजे’ असा ठराव होतो, त्या संध्याकाळी सगळे गाड्या धुतात, तसलं हे. एक तरी माणूस मला असा दाखवा की जो उभा राहून म्हणेल, “हो, मी केलं,” आणि शिक्षा भोगेल. त्या दिवशी मी सूर्यावरचा खटला मागे घेतो. तोवर मला त्या वरच्यालाच धरू द्या. तो निदान पळून जात नाही.

बाकी, तुमच्यासाठी एक एसी बाजूला ठेवलाय. सातवा मजला, डोक्यावर गच्ची. पैशांचं नाव काढू नका. ताई फोनवर म्हणाली की रात्री तुम्ही ओला पंचा छातीवर टाकून झोपता. हे विज्ञान कुठल्या इयत्तेत शिकवत होतात?

महिपत


इंद्रलोक
१६ एप्रिल

महिपतराव,

उत्तराला उशीर झाला. पाडवा गेला, आणि काल-परवापासून ऊन असं पडलंय की गच्चीवरून मिठागरांकडे बघवत नाही. सगळं पांढरं होऊन डोळ्यांत घुसतं. पहाटेही वारा नसतो.

एसी नको. राग मानू नका. आमच्या झोपायच्या खोलीची एकमेव खिडकी डक्टमध्ये उघडते, हे तुम्हाला माहीत आहे. खालच्या मजल्यांवरच्या एसींचे आउटडोअर त्याच डक्टमध्ये बसवलेत. कोणी बसवले ते विचारत नाही. सगळ्यांची गरम हवा वर येते आणि वर आम्ही आहोत. रात्री खिडकी उघडली तर भट्टी, लावली तर कोंडी. जग तापणं वेगळं आणि आमची डक्ट तापणं वेगळं, हा फरक मला कळतो. मुलांचा मी त्याबद्दल अर्धा गुण कापला असता. पण स्वभाव तोच : आपल्या खोलीतलं ऊन उचलून शेजाऱ्याच्या उशाशी ठेवायचं. त्यात मी आणखी एक पेटी जोडणार नाही.

तुमची मागणी मात्र मला पटली. एक तरी माणूस हवा. त्याची सोय झाली आहे. माझा रविवार यंदा जरा लांबलाय, अक्षय्य तृतीयेला संपेल. याहून जास्त लिहीत नाही.

अक्षर वाकडं आलंय, समजून घ्या. हाताला घाम येतो.

काशीनाथ


डोंगरी
२२ एप्रिल

भाऊजी,

रविवार लांबलाय म्हणता. निवृत्त माणसाचे सगळेच वार रविवार, त्यात लपवण्यासारखं काय? आमच्याकडे उलट. रविवारीही दुकान उघडं. केबिन रोडला गिऱ्हाइकं रांगा लावून बसलीत, आणि प्रत्येक जण असं विचारतो की जणू मी औषध विकतोय : “आज बैठ जाएगा ना?”

डक्टमधले आउटडोअर मीच बसवले, हे तुम्ही सभ्यपणे लिहिलं नाहीत म्हणून मी लिहितो. बाहेरच्या भिंतीला बसवायचे तर परांची लागते, वेळ जातो, लोकांना घाई असते. तिथे जागा रिकामी होती. रिकाम्या जागेत काय टाकायचं ते आपण सगळे जाणतोच.

तुमची ‘सोय’ कोण, ते कळवा. कोणी पुढारी असेल तर मी हसून मरेन.

हाताला घाम येतो म्हणून अक्षर वाकडं होतं, असं मी तरी ऐकलेलं नाही. डॉक्टरला दाखवलंत का?

महिपत


भाईंदर
२९ एप्रिल

महिपत,

फोनवर मला रडू येईल आणि हे ऐकतील, म्हणून लिहितेय. सुरुची दारात उभी आहे.

काल रविवारी सकाळी हे अर्घ्य द्यायला गच्चीवर गेले ते खाली येईनात. चौथ्या मजल्यावरचे आत्माराम कपडे वाळत घालायला गेले होते. त्यांनी पाहिलं की हे तांब्या घेऊन पश्चिमेकडे तोंड करून पाणी सोडताहेत. पाठीमागे सूर्य चांगला वर आलेला! त्यांनी हाक मारली, “सर, इकडे हाय सूर्य, तिकडे काय करताव?” यांनी वळून पाहिलं आणि तिथेच कोसळले. खाली आणलं तेव्हा मला आई म्हणत होते.

हॉस्पिटलात रक्त तपासलं. सोडियम फार खाली गेलंय. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी मला विचारलं, “मीठ बंद केलंय का?” मी म्हटलं, तुम्हीच तर केलंत, प्रेशरसाठी. ते म्हणाले, “मी? मी कधी सांगितलं?”

पाडव्यापासून मला खोटं सांगून हा माणूस रोज अळणी जेवतोय. फक्त रविवारी नाही, रोज. वर एवढा घाम, आणि तहान लागते म्हणून तांब्याने पाणी. मी वेडी, वेगळी आमटी काढून ठेवत होते. मिठागरांच्या गावात माझा नवरा मिठावाचून पडला.

शुद्धीवर आल्यावर विचारलं, का केलंत हे? तर म्हणाले, “गुन्हा माणसाचा आहे असं मीच म्हणतो. मग कोणीतरी भोगायला नको? महिपतरावांनी विचारलं ते बरोबर होतं.” मग मी उशीखालची तुझी पत्रं वाचली. शपथ तोंडाची होती म्हणे! दोघे एका माळेचे मणी.

डॉक्टर म्हणाले, या उन्हात पुन्हा असं झालं तर झटका येईल, माणूस हातचा जाईल. आणि हे म्हणतात, संकल्प अक्षय्य तृतीयेपर्यंतचा आहे, मोडणार नाही. माझं ऐकत नाहीत, कौस्तुभचं ऐकत नाहीत. तू पेटवलंस, तूच विझव.

ताई


डोंगरी
३० एप्रिल

भाऊजी,

मीठ खा.

सूर्य निर्दोष आहे. माणूस दोषी आहे. तुमचे सगळे मुद्दे मान्य : रात्र, गोधडी, उपग्रह, सगळं. मी हरलो. आता मीठ खा.

महिपत


इंद्रलोक
२ मे

महिपतराव,

काल घरी आलो. तुमची शरणागती स्वीकारता येत नाही. तुम्हाला मुद्दा पटलेला नाही, तुम्ही घाबरलाय. घाबरून लिहिलेल्या बरोबर उत्तराला मी शाळेत शून्य द्यायचो.

व्रत तुम्हाला हरवण्यासाठी नव्हतं. तुम्ही टोमणा मारलात, पण प्रश्न खरा होता. मी मुलांना शिकवलं की हा ताप माणसाने आणलाय, आणि संध्याकाळी घरी येऊन पंखा, फ्रिज, गिझर, सगळं लावलं. मी कोणाला काय सांगायचं? तेव्हा निदान जिभेवरची एक गोष्ट सोडावी असं वाटलं. याने हवा गार होत नाही, हे मला तुमच्याइतकंच माहीत आहे.

हॉस्पिटलात सलाईन घेतलं. ते मीठच असतं. पण ते शिरेतून गेलं, संकल्प तोंडाचा होता. ही पळवाट मी तुमच्याकडूनच शिकलो.

थोडेच दिवस राहिलेत. आशाला समजवा. ती माझ्यापुढे ताट ठेवते आणि तोंड फिरवून बसते.

काशीनाथ


डोंगरी
६ मे

भाऊजी,

हे पत्र सावकाश वाचा. मला विनोद सुचत नाहीयेत, त्यामुळे लांबलंय.

तुमचं पत्र वाचून मी दुकान बंद केलं, माणसं घेतली आणि तुमच्या बिल्डिंगमध्ये गेलो. तुम्हाला कळवलं नाही. ठरवलं होतं, डक्टमधला एकेक आउटडोअर काढून बाहेरच्या भिंतीला लावायचा, परांचीसकट. पाचव्या मजल्यावर हसमुखभाईंकडे सुरुवात केली. म्हटलं, “हसमुखभाई, आउटडोअर बाहर की दीवार पे लेता हूँ. गरम हवा ऊपर सर के घर में जाती है.”

ते चहा पीत होते. म्हणाले, “अरे महिपतभाई, एसी बेचते टाइम तुमनेच बोला था ना, गरमी सूरज का खेल है, उसमें अपुन क्या कर सकता है? अब सूरज को बोलो, मेरे एसी को कायको हाथ लगाता है?”

भाऊजी, माझंच वाक्य, माझ्याच आवाजात, मला परत मिळालं. वॉरंटीसकट.

दुसऱ्या मजल्यावर तेच. सहाव्या मजल्यावर तर बाईंनी मला हिमयुगाचं ऐकवलं. ते मीच त्यांच्या मिस्टरांना सांगितलं होतं, हप्ता ठरवताना. मी गिऱ्हाइकांना थंडावा विकत होतो असं मला वाटत होतं. मी विकत होतो ती बेफिकिरी. एसी त्याच्याबरोबर मोफत जायचा.

मग मी हसमुखभाईंच्या सोफ्यावर पुन्हा जाऊन बसलो आणि तुमची बाजू मांडली. गोधडी मांडली. रात्रीची साक्ष मांडली. “हसमुखभाई, रात को सूरज किधर रहता है?” ते म्हणाले, “उधर, अमेरिका में.” “फिर रात को सर की खिड़की में गरम हवा कौन भेजता है?” ते उठले. मग आतल्या खोलीत जाऊन एसी बंद करून आले आणि म्हणाले, “निकाल लो. पर शाम के पहले लगा देना, बा की तबियत ठीक नहीं.”

त्यांची म्हातारी आई आत होती. तिलाही उकडतंच. हे मला आधी सुचलं नव्हतं.

सगळे तयार झाले नाहीत. चार पेट्या बाहेर गेल्या, बाकीच्यांनी दार लावून घेतलं. आणि तुम्ही अर्धा गुण कापायच्या आधी मीच कापून घेतो : याने जगाचा ताप उतरत नाही. वीज तेवढीच जळते, धूर तेवढाच निघतो. फक्त चार घरांची हवा तुमच्या उशाशी येत नाही. पण एक सांगतो. तुम्ही पाडव्यापासून अळणी जेवलात, त्याने त्या डक्टमधलं काहीच हललं नाही. तुम्ही शिक्षा भोगत होतात आणि गुन्हा खाली चालूच होता, कारण शिक्षा कोणीतरी भोगतोय म्हटल्यावर आम्ही सगळे मोकळे. आरोपी म्हणून मला तुमच्याइतका सोयीचा माणूस दुसरा नाही. म्हणूनच त्या जागी तुम्ही नको आहात. तुम्ही वर गच्चीवर पूर्वेकडे तोंड करून उभे हवे आहात, आणि संध्याकाळी मला शून्य द्यायला हवे आहात.

तर, मी विषय तोंडातून काढला. शपथ मोडली. तसाच तुमच्याकडे आलो. तुम्ही झोपला होतात. ताई स्वयंपाकघरात होती. तिला सगळं सांगितलं आणि विचारलं, प्रायश्चित्त काय?

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “आप्पा तापाने पडले होते तेव्हा त्यांचा चातुर्मासाचा नेम आईने पुरा केला होता. आजारी माणसाचं व्रत घरातल्याने उचललं तर चालतं. यांचं उरलेलं तू घे.” मी म्हटलं, ताई, मी देव मानत नाही. म्हणाली, “देवाला नको मानूस. मला मान.”

कालपासून मी अळणी जेवतोय. डोंगरीत, मासळीच्या गावात राहून! शेजारी खारवलेला मासा तव्यावर पडतो तेव्हा मी खिडकी लावून घेतो. सुरुची म्हणते, बाबा, तुमची जीभच आता गोड झालीय, भीती वाटते.

आता एका व्रताला दोन माणसं चालत नाहीत, असं ताईचं म्हणणं. तुम्ही आज मीठ खाल्लं नाहीत तर माझं फुकट जाईल. तुमची शिक्षा माझ्याकडे वर्ग झाली आहे, भाऊजी. तुमच्याकडे आता भोगायला काही उरलेलं नाही.

महिपत


इंद्रलोक
९ मे

महिपतराव,

परवा रात्री आशाने ताट ठेवलं आणि या वेळी तोंड फिरवलं नाही. तुमचं पत्र तिने ताटाशेजारी ठेवलं होतं. मी आमटी घेतली. पहिल्या घासाला मीठ इतकं लागलं की डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, “खारट झालीय का?” मी म्हटलं, नाही.

तुमचा पेपर तपासला. हसमुखभाईंच्या घरातलं उत्तर पूर्ण गुणांचं आहे. ते तुम्ही घाबरून दिलेलं नाही.

एक गोष्ट कोणाला सांगितलेली नाही. आशाला वाटतं मला त्या सकाळचं काही आठवत नाही. आठवतं. मी तांब्या धरला होता, समोर सूर्य नव्हता आणि मी मनातल्या मनात त्याच्यावर ओरडत होतो : तूच केलंस हे, तूच. चाळीस वर्षांची उपासना, आणि जीव घाबरला तेव्हा मी तुमच्या बाजूला येऊन उभा राहिलो. तुम्ही त्याच्यावर का आरोप करता ते मला त्या दिवशी कळलं. त्याला दोष दिला की फार हलकं वाटतं.

रात्री खिडकी उघडतो. हवा अजून गरमच आहे. पण आता तिच्यात थोडा वाराही असतो, असं आशा म्हणते. मला अजून खात्री नाही, तपासून सांगेन.

उद्या अक्षय्य तृतीया. तुमचं पारणं आहे. उन्हं उतरल्यावर आशा आणि मी बसने डोंगरीला येतोय. इथलं खडा मीठ पुडीत बांधून घेतलंय. आशा आत्तापासून बजावतेय, पुडी टेबलावर ठेवा, हातात देऊ नका, भांडण होतं.

मी ते तुमच्या हातावरच ठेवणार आहे.

काशीनाथ